आईंची उन्हाळी बॅच

परीक्षा संपत आल्या की आमच्या हडपसरात विजेच्या खांबांवर पाट्या उगवतात. 'इंग्रजी बोला, न घाबरता.' 'उन्हाळी बॅच सुरू.' प्रत्येक पाटीवर टाय लावलेला तोच एक हसरा माणूस आणि भर चैत्रात त्याच्या अंगात कोट. मी स्वतः घरी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते, त्यामुळे या माणसाकडे मी जरा भाऊबंदकीच्या नजरेनंच बघते. महिन्याभरात अस्खलित इंग्रजी शिकवतो म्हणे. याला मराठी यायला किती महिने लागले होते, ते एकदा विचारायला हवं.

माझी पाटी नाही. मी शनिवार पेठेत वाढले. ज्याला गरज आहे तो जिना चढून येईल, हा आमच्याकडचा धंद्याचा नियम. पण या पाट्या लागल्या की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. शेजारच्या गच्चीवरून कुरडयांचा चीक शिजल्याचा वास येतो, सोलापूर रस्त्याच्या कडेला रसवंतीचे घुंगरू वाजायला लागतात, दुपारी लाईट जाते, आणि मला तो उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई माझ्या वर्गात बसल्या होत्या. तो त्यांचा शेवटचा उन्हाळा होता.

मी त्यांना आई म्हणायची. आम्ही राहतो ती इमारत त्यांच्याच जमिनीवर उभी आहे. खाली जिथे गाड्या लागतात तिथे त्यांनी कांदा काढलाय, मेथीच्या जुड्या बांधल्यात. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले, आणि बाकीच्या फ्लॅटांत देशभरातून आलेली, कॉम्प्युटरवर काम करणारी मंडळी राहायला आली. मंडळी चांगली होती, आहेत. फक्त सोसायटीची मीटिंग इंग्रजीत व्हायची. आई डोक्यावर पदर घेऊन पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसायच्या आणि घरी आल्यावर सतीशला, माझ्या नवऱ्याला, विचारायच्या, काय ठरलं? तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणायचा, काही नाही गं, पाण्याचं. दरवेळी पाण्याचंच ठरायचं.

पार्किंगच्या कोपऱ्यात म्हसोबा आहे. म्हणजे होता. शेताच्या बांधावरचा शेंदूर लावलेला दगड. इमारत बांधताना बिल्डरनंही त्याला हात लावला नव्हता. अमावास्येला आई त्याच्यापुढे दिवा लावायच्या. एका मीटिंगमध्ये 'पाण्याचं' ठरलं, आणि दोन दिवसांनी आमच्या वॉचमननं आईंना सांगितलं की त्या कोपऱ्यात विजेच्या गाड्या चार्ज करायचं यंत्र बसवायचं चाललंय, पुढच्या मीटिंगला नक्की होईल. त्या दिवशी माझी दुपारची बॅच सुरू होती. आई आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर पिशवी ठेवली.

"मला बी शिकव," त्या म्हणाल्या. "मीटिंगमदी मीच बोलनार हाय. सतीश बोलला तर दोन शब्दांत उरकतो."

सतीशला ही फार मोठी गंमत वाटली. आई आणि इंग्रजी! तो येताजाता त्यांना गुड मॉर्निंग म्हणायचा, संध्याकाळीसुद्धा. आपली आई चार बायकांत वेळ घालवायला बसते, यापलीकडे त्याला कधी काही वाटलं नाही. माझा स्वतःचाही अंदाज त्याच्याहून फार वेगळा नव्हता.

माझी शिकवायची पद्धत साधी आहे. व्याकरणाचं पुस्तक मी शेवटी काढते. आधी स्वयंपाकघर, मग बाजार, मग आपलं शरीर, मग दवाखाना, बस, बँक. जिथे माणूस वावरतो तिथले शब्द आधी. आईंना हे पटलं. त्यांची पाटी कोरी होती आणि स्मरणशक्ती अशी की कुणाच्या लग्नात कुणाला कसला आहेर गेला ते त्यांना तारखेसकट सांगता येई. शब्द एकदा कानावर पडला की गेला कोठारात. पण आधी त्याची चौकशी व्हायची. लिव्हर शिकवलं त्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. लिव्हर म्हणजे मटणवाल्याकडची कलेजी व्हय? मी हो म्हटलं. "मग तसं सांग की. उगं पोटाच्या उजवीकडं, पोटाच्या उजवीकडं." स्प्रेड हा शब्द पावावर लोणी पसरवायच्या धड्यात आला. लोणी पावाला कशाला, भाकरीला लाव, असं म्हणून त्यांनी ते वाक्य दुरुस्त करून घेतलं.

वाक्प्रचारांवर त्यांचा विशेष राग होता. कुत्री-मांजरं पडल्यासारखा पाऊस पडतो, असं इंग्रज म्हणतात, हे ऐकून त्या म्हणाल्या की त्यांची जनावरं रानात मोकळी असतील, आमची पाऊस लागला की गुमान गोठ्यात येतात. 'हाऊ आर यू' विचारल्यावर दुखत असलं तरी 'फाईन'च म्हणायचं, हे तर त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मग विचारतात कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. दवाखान्याच्या धड्यात मी जोड्या लावायची, एक डॉक्टर, एक पेशंट. आईंना कायम डॉक्टर व्हायचं असे. पेशंट व्हायला शबाना होती. ती आमच्याच गल्लीत ब्लाऊज शिवायची आणि दुकानात येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून वर्गाला यायची. आई तिची नाडी धरून गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत विचारायच्या, कुठे दुखतंय, किती दिवस, जेवण जातं का. शबानाला हसू आवरायचं नाही. आईंना स्वतःला तेव्हा जेवण जात नव्हतं. हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भाकरी अर्धी झाली होती, आम्ही म्हणायचो, उन्हाळा आहे.

म्हसोबाचं भाषण आम्ही दोघींनी मिळून तयार केलं. मी आधी 'गॉड' शब्द सुचवला. त्यांनी मान हलवली. देव देवळात असतो, ह्यो राखणदार. मग मी 'वॉचमन' म्हटलं आणि त्यांचा चेहरा उजळला. भाषण चार वाक्यांचं होतं. हा या जमिनीचा वॉचमन आहे. आपण सगळे यायच्या आधीपासून आहे. हा पगार घेत नाही. याला बसू द्या. पगाराचं वाक्य त्यांचं स्वतःचं. भाकऱ्या थापताना, मोगऱ्याला पाणी घालताना त्या ही वाक्यं म्हणायच्या, आणि 'सॅलरी'वर जोर द्यायच्या. इतकी सरळ चार वाक्यं मला माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याकडून ऐकायला मिळाली नव्हती.

मग तपासण्या झाल्या. रिपोर्ट आधी सतीशच्या फोनवर आले. त्यानं ते मला दाखवले, आणि मग गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिला. आत आला तो ठरवूनच आला होता. आईला कळू द्यायचं नाही. डॉक्टरांना त्यानं फोन करून सांगितलं की पेशंटसमोर इंग्रजीत बोला. डॉक्टर सहज हो म्हणाले. आपल्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. घराघरांतून हेच चालतं. वाईट बातमी इंग्रजीत सांगायची आणि पेशंटला मराठीतून धीर द्यायचा. पेशंट दोन खुर्च्यांच्या मधे बसून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहतो.

मी सतीशला म्हटलं, आईंना थोडं थोडं कळतं. तो थकल्यासारखा हसला. "वसुधा, तिला थँक्यू कळतं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

डॉक्टर आमच्यासारखेच मराठी. या आजी, बसा, असं म्हणून त्यांनी आईंना मधल्या खुर्चीवर बसवलं आणि सतीशकडे वळून भाषा बदलली.

"इट हॅज स्प्रेड टू द लिव्हर," ते म्हणाले. ऑपरेशनचा उपयोग नाही. फार तर हा उन्हाळा.

सावकाश आणि स्वच्छ बोलत होते. एरवी अशा उच्चारांचं मी वर्गात कौतुक केलं असतं. त्यांचा एकेक शब्द माझ्या वर्गातून गेलेला होता. लोण्याच्या दिवशी गेलेला, कलेजीच्या दिवशी गेलेला. मी आईंकडे बघितलं. त्या समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या आणि पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होत्या. डॉक्टर बोलायचे थांबले तेव्हा त्यांनी सतीशला विचारलं, काय म्हनले? सतीश म्हणाला, लिव्हरला जराशी सूज आहे, औषधानं उतरेल. आई बरं म्हणाल्या. मग उठताना त्यांनी डॉक्टरांना हात जोडले आणि मला म्हणाल्या, चल.

त्या दिवसापासून माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी ढ झाली. सतीश घरात असला की तिला काही यायचं नाही. तो मुद्दाम विचारायचा, आई, दुधाला काय म्हणतात? त्या विचार केल्यासारखं करायच्या आणि म्हणायच्या, इसरले बाबा. तो खूश व्हायचा, त्यांच्या गळ्यात हात टाकायचा. ही तीच बाई होती जिनं पंधरवड्यापूर्वी मला लोणी, दही, ताक, साय सगळ्यांची इंग्रजी नावं घोटून विचारली होती आणि सायीला धड शब्द नाही म्हणून इंग्रजांची कीव केली होती. मी तिथेच उभी असायची. मला खोलीतून निघून जावंसं वाटायचं, पण सतीशला नवल वाटलं असतं.

एकदा दुपारी गच्चीवर कुरडया उलटताना त्या बोलल्या. ऊन इतकं होतं की डोळे बारीक करावे लागत होते.

"तुला ठावं हाय ना, मला समजलं त्ये?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते, मीच शिकवलेलं. मी म्हटलं, मी सतीशला सांगते. निदान तुम्ही दोघं एकमेकांशी बोलाल, जे काय असेल ते. त्यांनी हातातली कुरडई खाली ठेवली.

"न्हाय सांगायचं. त्येचा बाप गेला तवा ह्यो शाळंत व्हता, त्येला कायबी करता आलं न्हाय. आता त्येला वाटतंय, आयला कळू देत न्हाय, येवढं तरी मी करतोय. करू दे."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या की कुणी विचारलं तर सासूचं इंग्रजी कच्चं हाय म्हणून सांग. मला नापास करा, असं सांगणारी विद्यार्थिनी मला ती एकच भेटली. मी वचन दिलं. वचन देताना मला ते त्यांच्या आजारापुरतं वाटलं होतं. माणूस गेल्यावरही ते आपल्याकडेच राहतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

मग मीटिंग आली. आईंना फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून सतीश आधाराला शेजारी बसला. मी मागे. सेक्रेटरींनी चार्जिंगच्या यंत्राचा विषय काढला, दगडाचं काय करायचं ते विचारलं, आणि आई उठल्या. मला ती चार वाक्यं पाठ होती. माझे ओठ हलायला लागले होते. आई एक क्षण सतीशच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग मराठीत बोलल्या. ह्यो दगड न्हाय, राखणदार हाय, तुम्ही आम्ही यायच्या आधीचा हाय, येवढंच. पगाराचं वाक्य त्यांनी गाळलं. ते इंग्रजीसाठीच केलेलं होतं. निम्म्या लोकांना काही कळलं नाही. त्यांनी नम्रपणे माना हलवल्या. सेक्रेटरी म्हणाले, आजी, आम्ही नोंद घेतो. महिन्याभरात त्यांनी म्हसोबा पाण्याच्या टाकीमागे हलवला, नारळ फोडून, हार घालून. माणसं वाईट नव्हतीच. इंग्रजीत बोलल्या असत्या तरी कदाचित हेच झालं असतं. पण बोलल्या असत्या. त्यासाठीच त्या आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

घरी येताना जिन्यात सतीश लाडानं म्हणाला, आई, इतके दिवस क्लासला बसलीस, एक तरी वाक्य टाकायचंस. माझ्या टकुऱ्यात न्हाय शिरत बाबा, असं म्हणून त्या हसल्या आणि कठडा धरून एकेक पायरी चढत राहिल्या. मी मागे होते. मला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला, आणि मग त्याची इतकी दया आली की मी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

आंबे आले आणि आईंना आंबा जाईना. वर्गात त्या येत होत्या, दार लावून घेतलं की शबानाशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलायच्या, आता डॉक्टर शबाना व्हायची. मग वर्गातही येईनाशा झाल्या. वैशाख सरता सरता त्यांना दवाखान्यात ठेवलं. राउंडला येणारे डॉक्टर रोज हसून 'हाऊ आर यू आजी' म्हणायचे, आणि सतीश उशाशी असायचा, म्हणून त्या 'बरी हाय' म्हणायच्या. फाईन हा साधा शब्दसुद्धा त्यांनी स्वतःला वापरू दिला नाही.

शेवटच्या दिवसांतली ती एक दुपार मला विसरता येत नाही. आई डोळे मिटून पडल्या होत्या. डॉक्टरांनी सतीशला हळूच इंग्रजीत विचारलं, त्यांना कल्पना आहे का? तो म्हणाला, नाही, तिला काहीच माहीत नाही. इंग्रजीतच म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज फुटला. आईंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मग त्याला विचारलं.

"काय म्हनत्यात रं?"

"म्हणतायत, रविवारी घरी."

"बरं झालं. दूधवाल्याला जास्तीचं सांगून ठिव," आई म्हणाल्या आणि त्याचा हात थोपटत राहिल्या. मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. रविवार त्यांना मिळाला नाही.

मला इंग्रजीनं पोट दिलं आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण कधीकधी वर्गात लिव्हर किंवा स्प्रेड शब्द आला की खडू फळ्यावर थांबतो. एकाच खोलीत एक मुलगा आणि त्याची आई बसली होती. दोघांना एकच गोष्ट माहीत होती, दोघंही एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यात त्यांचं बोलायचं राहून गेलं. तू लहानपणी असा होतास, तुझ्या बापानंतर मी असे दिवस काढले, माझ्यामागे हे बघ, ते बघ. आई मला सगळं सांगून गेल्या. कुठल्या डब्यात काय, कुणाकडे काय द्यायचं, मोगऱ्याला किती पाणी. सतीशला काही सांगता येईना, कारण ते सांगणं म्हणजे निरोप झाला असता. तो अजून मला विचारतो, तुला कसं माहीत? मी म्हणते, बोलता बोलता कळलं.

हे मी मराठीत लिहितेय, म्हणून निर्धास्त आहे. सतीश मराठीतलं वाचतो ते लग्नपत्रिका आणि सातबारा, बाकी सगळं त्याचं इंग्रजीत. कधी वाटतं, सांगून टाकावं. त्याला कळावं की त्याची आई अंधारात नव्हती, तिनं सगळं बघून घेतलं, समजून घेतलं, आणि ती त्याच्यासाठी गप्प राहिली. आई अशी होती हे मुलाला ठाऊक नसावं, हा काय न्याय झाला? मग वाटतं, सांगितलं तर त्याच्याकडे उरतं काय?

गेल्या आठवड्यात जेवताना विषय निघाला. त्याच्या ऑफिसातल्या कुणाची आई आजारी आहे, तिला सांगायचं की नाही यावर त्यांच्या घरात वाद चाललाय. सतीश म्हणाला, मी त्याला सांगितलं, सांगू नकोस. माझ्या आईला शेवटपर्यंत काही कळलं नाही, हसत गेली ती. तेवढी एक गोष्ट मला तिच्यासाठी करता आली. हे तो असं म्हणाला की माझा घास तोंडातच राहिला. मग त्याला हसू आलं.

"फक्त तिचं इंग्रजी राहिलं बघ," तो म्हणाला. "किती हौसेनं बसायची तुझ्या वर्गात. आणखी एक उन्हाळा मिळाला असता, तर शिकली असती, नाही?"

"शिकल्या असत्या," मी म्हटलं, आणि त्याच्या ताटात भात वाढला.